लाकडी पट्टीस वळण देण्याची विद्या : नौकेच्या प्रतिकृतीवरील एक पाठ



आपल्या कार्यानुभवाच्या खोलीतील कपाटावर एक अर्धवट नौका ठेवलेली आहे. तिची लांबी ६० सेंटिमीटर आहे. डाव्या अंगाला नऊ पट्ट्या बसविलेल्या आहेत, उजव्या अंगाला एकही नाही, आणि तिचा कणा एका बाजूस वाकून गेलेला आहे. नवे विद्यार्थी खोलीत आले की पहिला प्रश्न या नौकेविषयीच विचारतात. ती दुरुस्त का केली नाही, आणि दुरुस्त होत नसेल तर टाकून का दिली नाही, असे दोन्ही प्रश्न होतात. ही नौका माझ्या हातून बिघडली आहे, एवढेच उत्तर मी आजवर देत आलो. स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर पूर्ण करावे आणि त्याबरोबरच पट्टी वाकविण्याची विद्याही लिहून ठेवावी, हा या लेखाचा हेतू आहे.

तीन कारागीर

धम्मपदाच्या पंडितवग्गातील एका गाथेत पाणी वळविणारे, बाण घडविणारे आणि लाकूड वाकविणारे असे तीन कारागीर एकत्र आले आहेत. तीच गाथा एका शब्दाच्या फरकाने दंडवग्गातही आहे. अट्ठकथेत या गाथेची कथा आहे. पंडित नावाचा सात वर्षांचा सामणेर सारिपुत्त थेरांच्या मागोमाग भिक्षाटनास निघाला होता. वाटेत त्याला पाटाचे पाणी इच्छित दिशेने नेणारे लोक दिसले. बाणाच्या काड्या विस्तवावर तापवून सरळ करणारे दिसले. आणि चाकासाठी लाकूड घडविणारे सुतार दिसले. प्रत्येक ठिकाणी तो थांबला व त्याने थेरांना विचारले, या वस्तूंना मन आहे काय? नाही, असे उत्तर मिळाले. मग ज्यांना मन नाही त्यांना माणसे हवे ते वळण देतात, तर मन असलेल्याला स्वतःला वळण का देता येऊ नये, असा विचार त्या बालकाच्या मनात आला.

हे तीनही कारागीर आपल्या पिंपळनेरच्या परिसरात आजही भेटतात. पांझरेच्या खोऱ्यात बंधारे बांधून केवळ उताराच्या बळावर शेतांना पाणी पोहोचविणारी फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली आहे. पाटकरी हा त्या व्यवस्थेतील मानाचा माणूस. पश्चिमेकडील डोंगरपाड्यांवर तीरकामठा करणारे भिल्ल बांधव आहेत. ओला बांबू चिरून त्याच्या कामट्यांना सुपाचा व टोपलीचा गोल काठ देणारे बुरूड कारागीर बाजाराच्या दिवशी आपल्या डोळ्यांसमोर बसतात. काठीला तेल लावून ती जाळावर शेकून सरळ करताना तुमच्यापैकी अनेकांनी आपल्या आजोबांना पाहिले असेल. म्हणजे आपण जी विद्या शिकणार आहोत ती आपल्या घरातून आलेली आहे. तिच्यामागील कारण तेवढे समजून घ्यावयाचे आहे.

लाकूड वाकते म्हणजे काय होते

लाकूड हे अत्यंत बारीक, लांब, पोकळ नळ्यांचे बनलेले असते. या नळ्यांच्या भिंतींत सेल्युलोजचे चिवट धागे असतात आणि लिग्निन नावाचा पदार्थ त्यांना एकत्र धरून ठेवतो. भिंत बांधताना विटांमध्ये चुना भरावा तसे लिग्निनचे कार्य असते. कोरड्या व थंड लाकडात लिग्निन कठीण असते. लाकडात ओलावा मुरला आणि त्याचे तापमान उकळत्या पाण्याच्या जवळपास पोहोचले की लिग्निन मऊ पडते. तंतू एकमेकांवरून किंचित सरकू शकतात व पट्टी नवा आकार घेते. निवाल्यावर आणि वाळल्यावर लिग्निन पुन्हा कठीण होते व नवा आकार टिकून राहतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ओलावा आणि उष्णता दोन्ही हव्यात. नुसत्या थंड पाण्यात भिजविलेली पट्टी थोडीफार वाकते, परंतु वाळली की बरीचशी मागे फिरते. नुसती कोरडी उष्णता दिली तर पट्टी करपते व ठिसूळ होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पट्टी वाकली की तिची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची बाजू ताणली जाते. वाफवलेले लाकूड दाब पुष्कळ सहन करते. चांगल्या जातीचे लाकूड आपल्या लांबीच्या चतुर्थांशापर्यंतही दाबले जाऊ शकते. ताण मात्र ते फार थोडा सोसते, साधारण १ ते २ टक्के. म्हणून पट्टी तुटते ती बहुधा बाहेरच्या बाजूने.

व्हिएन्ना येथील मिखाएल थोनेट या कारागिराने हे मर्म ओळखले होते. वाफवलेल्या बीच लाकडाच्या दांड्याच्या बाहेरच्या अंगाला त्याने पोलादी पट्टी घट्ट बांधली. त्यामुळे बाहेरची बाजू लांबू शकली नाही व सर्व वाकणे आतल्या बाजूच्या दाबाने झाले. १८५९ मध्ये त्याने काढलेली १४ क्रमांकाची खुर्ची याच रीतीने तयार झाली आणि जगभर गेली. आपल्या छोट्या पट्टीच्या मागेही पत्र्याची पातळ चीप धरून हा लाभ घेता येतो.

थोडे गणित

पट्टी किती वाकेल हे आधी काढता येते. बाहेरच्या बाजूवरील ताण म्हणजे पट्टीची जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. जाडी १.५ मिलिमीटर आणि त्रिज्या ५० मिलिमीटर असेल, तर १.५ भागिले १०० म्हणजे ताण १.५ टक्के. ही पट्टी ओलावा व उष्णता दिल्यावर वाकेल, पण जपून. त्याच वळणावर ३ मिलिमीटर जाडीची पट्टी घेतली तर ताण ३ टक्के होतो, ती तुटणारच. १ मिलिमीटरची पट्टी १ टक्क्यावर राहते व सहज वाकते.

जाडीचा परिणाम बळावर त्याहूनही अधिक होतो. पट्टी वाकविण्यास लागणारे बळ जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. जाडी दुप्पट केली की आठपट बळ लागते. म्हणून जाड पट्टीशी झुंजण्यापेक्षा दोन पातळ पट्ट्या एकावर एक वाकवून त्या सरसाने जोडणे शहाणपणाचे असते.

आता रुंदीचा विचार करू. पट्टी सपाट बाजूने वाकते. कडेने वाकविण्याचा प्रयत्न केल्यास तिची रुंदी हीच जाडी ठरते. ६ मिलिमीटर रुंदीची पट्टी २०० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर कडेने वाकविली, तर ६ भागिले ४०० म्हणजे ताण तोच १.५ टक्के येतो. चौपट सौम्य वळण असूनही धोका तेवढाच, आणि आतली कड चुरमडून वर उचलली जाते ती वेगळीच. यावरून एक नियम निघतो: पट्टीला कडेने वाकवू नये, तिला निमुळती करावी. ते कसे, हे पुढे येईल.

पट्टीची निवड

पट्टीसाठी सरळ रेषेचे, गाठ नसलेले लाकूड घ्यावे. आपल्याकडे सावर व पांगारा ही हलकी लाकडे आहेत. सावंतवाडीची प्रसिद्ध खेळणी पूर्वापार पांगाऱ्याची होत आली आहेत. साग टिकाऊ आहे, पण तेलकट असल्यामुळे सरस नीट धरत नाही. जोडण्यापूर्वी तो पॉलिश पेपरने घासून घ्यावा. बांबूची कामटी ताण उत्तम सोसते. तिची पाठ, म्हणजे हिरवी साल असलेली बाजू, वळणाच्या बाहेरच्या अंगास ठेवावी आणि पेर वळणावर येऊ देऊ नये. भट्टीत पूर्ण वाळविलेले लाकूड शक्यतो टाळावे. ते वाफेनेही पूर्ववत मऊ होत नाही.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा पट्टीच्या कडेवर दिसते. पट्टी आडवी धरून कडेच्या रेषा पाहाव्यात. त्या पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समांतर धावत असतील तर पट्टी चांगली. त्या तिरप्या होऊन मधेच पट्टीबाहेर निघून जात असतील, तर तेथील तंतू तुटलेले आहेत. अशी पट्टी कितीही उकळली आणि कितीही हळू वाकविली तरी त्याच जागी चिरफाळते. बुरूड बांबू चिरतो, करवतीने कापत नाही, याचे कारण हेच आहे. चिरताना पाते तंतूंच्या वाटेने जाते. करवत मात्र माणसाने आखलेल्या रेघेने जाते.

वाकविण्याची कृती

१. प्रथम प्लायवूडचा कणा व त्यावरील आडव्या फासळ्या पक्क्या कराव्यात. एक पातळ कामटी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत फासळ्यांवर टेकवून पाहावी. ती प्रत्येक फासळीला स्पर्श करीत गेली पाहिजे. एखादी फासळी उंच असेल तर घासावी, खोल असेल तर तिच्या कडेला पातळ चीप चिकटवावी. येथे राहिलेला दोष पुढे कोणत्याही पट्टीने झाकला जात नाही.

२. पट्ट्या पाऊण तास साध्या पाण्यात भिजवाव्यात. नंतर पत्र्याच्या लांब पन्हाळीत उकळते पाणी घेऊन त्यात बुडवाव्यात. मोठ्या नौका बांधणारे कारागीर २५ मिलिमीटर जाडीस एक तास वाफ देतात. त्या हिशेबाने १.५ मिलिमीटरच्या पट्टीस चार मिनिटेही लागत नाहीत. आपण पाच ते दहा मिनिटे धरावीत. अर्धा तास उकळत ठेवल्यास पट्टी दुबळी होते व तिच्यावर लव उठते. पन्हाळीऐवजी प्लास्टिकचा पाइप वापरू नये. उकळत्या पाण्याने तो स्वतःच मऊ पडतो.

३. नाळेजवळील तीव्र वळणासाठी रिकाम्या पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती पेटवून ठेवावी. डबा तापला की ओली पट्टी त्याच्या गोल अंगावर ठेवून दोन्ही हातांनी हलकेच दाबावी व मागेपुढे सरकवावी. लाकूड मऊ पडल्याचे बोटांना कळते. प्रतिकार एकाएकी कमी होतो. तो क्षण येण्यापूर्वी जोर लावू नये. पाणी सुकून वास येऊ लागला तर पट्टी पुन्हा ओली करावी. हे काम शिक्षक समोर असतानाच करावे. वाफेने भाजलेले दिसण्यापूर्वीच खोल गेलेले असते.

४. वाकलेली पट्टी लगेच नौकेच्या सांगाड्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवावी. ती वाळल्यावर थोडी मागे फिरते, म्हणून हव्या त्या वळणापेक्षा किंचित अधिक वाकवावी. चोवीस तास सावलीत वाळू द्यावी. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात ठेवल्यास बाहेरचा थर आधी आकसतो व पट्टी तडकते.

५. पूर्ण वाळल्यावरच सरस लावावा. ओल्या लाकडावर सरस पातळ होऊन वाहतो, आणि पट्टी नंतर आकसली की सांधा उघडतो. नौका पाण्यात सोडावयाची असेल तर पाण्यात विरघळणारा साधा पांढरा सरस चालत नाही. जलरोधक सरस घ्यावा व बाहेरून वार्निशचे दोन-तीन हात द्यावेत.

निमुळती पट्टी

नौकेचे पोट मध्यभागी फुगीर असते व टोकांकडे आवळत जाते. सर्व पट्ट्या एकाच रुंदीच्या ठेवल्या तर टोकाशी त्या एकमेकींवर चढतात. म्हणून प्रत्येक फासळीचा घेर कागदाच्या पट्टीने मोजावा व त्याला पट्ट्यांच्या संख्येने भागावे. समजा, मधल्या फासळीचा एका बाजूचा घेर ७२ मिलिमीटर आहे व पट्टी ६ मिलिमीटरची आहे. म्हणजे १२ पट्ट्या लागतील. नाळेजवळ घेर ४५ मिलिमीटर असेल, तर तेथे प्रत्येक पट्टी ४५ भागिले १२ म्हणजे ३.७५ मिलिमीटर रुंद ठेवावी. घेर ३० मिलिमीटरच असेल तर रुंदी २.५ मिलिमीटर येते. पट्टी अर्ध्याहून अरुंद झाली की ती सरस धरत नाही व टोकाला मोडते. अशा वेळी दोन पट्ट्या अलीकडेच संपवून उरलेल्या दहांना प्रत्येकी ३ मिलिमीटर जागा द्यावी.

या हिशेबात कोणतीही पट्टी दुसरीची जागा बळकावीत नाही. जेथे जागा कमी आहे तेथे प्रत्येकीने थोडे कमी व्हावयाचे असते. वसतिगृहातील एका खोलीत राहणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

अजिंठा आणि कौंडिण्य

समुद्रापासून दूर असलेल्या साक्री तालुक्यात नौकेचा अभ्यास कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या खानदेशाच्या सीमेलगत अजिंठा आहे. तेथील २ क्रमांकाच्या लेण्यात तीन शिडांची नौका चित्रित आहे. सोपाऱ्याच्या पूर्णाची ती कथा. व्यापाऱ्याच्या घरी वाढलेला पूर्ण पुढे भिक्षू झाला आणि वादळात सापडलेल्या आपल्या भावाच्या नौकेस त्याने तारले, असे अवदानात सांगितले आहे. धम्म ज्या मार्गांनी दूरच्या देशांत गेला त्यांतील पुष्कळसे मार्ग समुद्राचे होते आणि त्या नौका लाकडाच्या होत्या. कार्ल्याच्या चैत्यगृहात उभे राहून वर पाहिले, तर कमानदार छताखालील लाकडी फासळ्या पालथ्या घातलेल्या नौकेच्या आतील अंगासारख्या दिसतात. त्या सुमारे दोन हजार वर्षांपासून तेथे आहेत.

अलीकडे अजिंठ्याच्या नौकाचित्राच्या आधारे एक खरे जहाज गोव्यात बांधले गेले. केरळचे कुशल नौकाकारागीर बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली फळ्यांना वळण देऊन, त्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवून सुमारे २० मीटर लांबीचे हे जहाज उभे राहिले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. जुन्या जहाजाचा कोणताही आराखडा उपलब्ध नव्हता. हाती होते ते चित्र. म्हणून त्याची प्रतिकृती करून मद्रासच्या आयआयटीतील सागरी अभियांत्रिकी विभागाच्या साहाय्याने तिची पाण्यातील चाचणी घेण्यात आली. म्हणजे प्रतिकृती ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. मोठी चूक समुद्रात होण्यापूर्वी ती लहान पाण्यात करून पाहण्याचे ते साधन आहे. राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल विभागात नौकेची प्रतिकृती करणे हा स्पर्धेचा विषय आहे.

अर्धवट नौका

आता कपाटावरील नौकेविषयी. काही वर्षांपूर्वी विज्ञान प्रदर्शनासाठी ती आम्ही हाती घेतली. नाळेकडील पट्ट्या वाकविण्याचे काम एका विद्यार्थ्याकडे होते. त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जात असत. तो मोजके बोलणारा मुलगा होता. त्याच्या हातून लागोपाठ तीन पट्ट्या तुटल्या. "सर, या पट्टीतच काहीतरी आहे," असे तो म्हणाला. प्रदर्शन चार दिवसांवर आले होते. तुझ्या हाताला सबुरी नाही, असे मी त्याला सर्वांसमोर म्हणालो व पट्टी काढून घेतली. डाव्या अंगाच्या नऊ पट्ट्या मी स्वतः दोन दिवसांत बसविल्या. जाड होत्या त्या घासून पातळ केल्या, सरस ओल्या लाकडावरच लावला आणि उजवी बाजू नंतर करू म्हणून सोडून दिली.

तिसऱ्या दिवशी कणा वाकलेला होता. वाकविलेली प्रत्येक पट्टी सरळ होऊ पाहते आणि कण्याला आपल्याकडे ओढते. एका बाजूस पट्टी बसविली की लगेच समोरच्या बाजूस तिची जोड बसवावी लागते. मग दोघींची ओढ एकमेकींना तोलून धरते. हा नियम मी वर्गात शिकवीत होतो आणि घाईत तोच मोडला होता.

पुढे तुटलेल्या पट्ट्यांचे तुकडे केराच्या डब्यातून काढून मी उजेडात पाहिले. तिन्हींच्या रेषा तिरप्या होऊन कडेबाहेर गेल्या होत्या. फळी मीच आणली होती आणि ती कापलीही मीच होती. त्या मुलाच्या हातात सबुरी होती. दोष माझ्या पट्टीत होता, आणि त्याने तो मला सांगितलाही होता.

दिवाळीच्या सुटीनंतर तो परत येईल की नाही याची मला धास्ती होती. आईवडिलांबरोबर गेलेली सर्वच मुले परत येतात असे नाही. तो आठ दिवस उशिरा आला. ज्या मुलांसमोर मी त्याला बोललो होतो त्यांच्यासमोरच ते तुकडे दाखवून मी माझी चूक सांगितली. त्याने तुकडे हातात घेतले, कडेवरची रेघ बोटाने चाचपली आणि विचारले, "मग नवी फळी चिरून काढू या का?" दुसऱ्या नौकेची पहिली जोडी, एक पट्टी डावीकडे आणि एक उजवीकडे, त्याने बसविली. ती नौका पुढे पांझरेच्या पाण्यात सरळ तरली.

गाथेतील तीन कारागीर पाणी, बाण आणि लाकूड यांना वळण देतात. चौथा जो शहाणा, तो मात्र दुसऱ्या कोणास वळण देत नाही, स्वतःलाच देतो. वीस वर्षे मी ही गाथा प्रार्थनेनंतर समजावून सांगत होतो आणि शिक्षक म्हणून स्वतःला तिसऱ्या कारागिरांत, सुतारांत मोजत होतो. त्या तुकड्यांनी माझी जागा मला दाखविली.

म्हणून ती नौका कपाटावर आहे. पट्टी तुटली तर प्रथम तिची कड पाहा, मग पाणी पाहा, मग उष्णता पाहा. हाताला दोष सर्वांत शेवटी द्या, आणि तोही आधी स्वतःच्या हाताला. या खोलीत येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्यास माझे एवढेच सांगणे आहे.

भवतु सब्ब मंगलं.